झाडं लावण्याआधी ग्रामसभेचा हिशेब लावून द्या

नागपुरात नोकरी करणाऱ्या, पण मुळात इकडच्याच दहा-बारा मित्रमैत्रिणींनी मिळून १२ लाख रुपये काढले आहेत. गडचिरोली-चंद्रपूरकडची आदिवासी गावं स्वतःच्या हिमतीवर जी जंगलराखण करतात, तिला हे पैसे तीन वर्षांत द्यायचे आणि हवामान बदलाच्या दृष्टीनंही त्यांचा उपयोग व्हावा, असा त्यांचा विचार आहे. मार्ग त्यांनीच तीन सुचवलेत: वृक्षारोपण, कार्बन क्रेडिट (जंगलात साठणाऱ्या कार्बनच्या बदल्यात बाजारातून पैसे मिळवणं), नाहीतर एखादं गाव दत्तक घेणं. यातलं कुठलं निवडू, असं त्यांनी पत्रात विचारलंय.

यातलं एकही नको, निदान सुरुवातीला तरी नको. दत्तक तर सोडूनच द्या. ज्या गावाकडे हजार-दीड हजार हेक्टर जंगलाचा हक्क आहे, त्याला टू-बीएचकेत राहणाऱ्यांनी दत्तक घ्यायचं म्हणजे कमालच झाली. पैसे मात्र फार कामाचे आहेत. ते कुठे लागतात, हे गडचिरोलीतल्या कुरखेडा-कोरची पट्ट्यात ग्रामसभांसोबत काम करताना जे पाहिलं त्यावरून सांगतो.

आधी हे जंगल राखतं कोण? गडचिरोली जिल्ह्याच्या जवळपास तीन चतुर्थांश भागावर जंगल आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला आपल्या परंपरागत सीमेतलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. कायद्याच्या कलम ५ नं त्या जंगलाला अपाय करणारी कामं थांबवण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर असा सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. पण हक्काचा कागद हातात आला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना देणारं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. ते पुस्तक २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढं २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीनंच द्यावा, असं स्पष्ट केलं. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की कागदावरचा हक्क आणि चालता हक्क यांत अंतर असतं, आणि तुमचे १२ लाख त्या अंतरात खर्च व्हायला हवेत.

इथं ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. एका ग्रामपंचायतीत पाच-सहा गावं-टोले असतात आणि वनहक्क त्यातल्या एकेका गावाच्या सभेचा असतो. तिचं बँक खातं वेगळं, समिती वेगळी, ठरावबही वेगळी. बाहेरून येणारे हौसेनं सरपंचाच्या हाती चेक देऊन फोटो काढतात आणि पुढं वर्षभर गावात त्यावरून भांडण चालतं.

आता झाडं लावण्याबद्दल. आमच्याकडचं जंगल पानगळीचं आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, चारोळी, बिजा आणि मध्ये मध्ये बांबूची बेटं. वरून उजाड दिसणाऱ्या टेकडीतही जुन्या झाडांची मुळं आणि खुंट जिवंत असतात. तीन-चार वर्षं आग आणि मोकाट चराई थांबली की धुमारे फुटतात, आणि नर्सरीतल्या रोपापेक्षा ते कितीतरी जोमानं वाढतात, कारण खाली मूळ तयारच असतं. अशा जागी खड्डे खणले की उलट तीच मुळं तुटतात. वर वृक्षारोपणाचा पैसा बहुतेक वेळा मार्चअखेरीस खर्ची पडायला हवा असतो. मार्चमध्ये आमच्याकडची जमीन पहारीला दाद देत नाही. जूनमध्ये रोपं येतात, जुलैत लावतात, आणि पुढच्या मार्चमध्ये वणवा येऊन फोटोसकट सगळं संपतं. एका बैठकीत अशीच रोपवाटिकेची योजना कोणीतरी मांडत होतं, तेव्हा मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, “झाडं तं आपोआप येतात बापा, तुमी फक्त आगीले थांबवा.”

झाडं लावूच नयेत असं मात्र नाही. मेळघाटच्या पायथ्याशी अमरावती जिल्ह्यात पायविहीर आहे. त्या कोरकू गावाला २०१२ मध्ये जवळची उघडी-बोडकी टेकडी सामूहिक हक्कात मिळाली. तिथं जंगल नावालाही नव्हतं, म्हणून गावानं रोजगार हमीतून मजुरी काढून माती-पाण्याची कामं केली, झाडं लावली, चराई बंद केली आणि सीताफळं एकत्र करून थेट मुंबईच्या बाजारात पाठवली. तिथं लावणं बरोबर होतं, कारण जागा तशी होती आणि ठरवलं गावानं. कोरचीच्या दाट जंगलात तोच प्रयोग करणं मूर्खपणा ठरेल.

आगीचं मूळ मात्र समजून घ्या, नाहीतर तुम्ही ‘वणवा जनजागृती’चे फलक छापाल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल गळतं. खाली वाळलेला पाला असला की ते फूल दिसत नाही, वेचायला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळतात. दहा झाडांखालची आग विझेपर्यंत राखत बसायला कोणालाच सवड नसते. दुपारी वारा सुटला की ती पसरते. बिडीच्या पानांसाठी तेंदूच्या झुडपांना कोवळा फुटवा चांगला येतो म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते, बऱ्याचदा ठेकेदाराच्या माणसांच्या सांगण्यावरून. आगीत मोठी झाडं जगतात. मरतात ती बोटभर उंचीची मोहाची, चारोळीची, बिज्याची रोपं. मोहाच्या बिया, ज्यांना टोळ म्हणतात, त्या तेलासाठी आधीच वेचून नेलेल्या असतात. त्यामुळे आज कित्येक गावांच्या हद्दीत मोह दिसतात ते सगळे म्हातारे. मनगटाएवढ्या जाडीचा मोह शोधून दाखवा म्हटलं तर अर्धा दिवस जातो. पन्नास वर्षांनी फूल कुठून येणार, हा प्रश्न कार्बनच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मला जास्त सतावतो.

आणि हवामान बदल आमच्याकडे आधी मोहावरच दिसतो. ऐन फुलाच्या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा गारा आल्या की फूल काळं पडतं, वाळत नाही, भाव निम्म्यावर येतो. ज्या घराचं मीठ-मिरची, पोरांची पुस्तकं त्या पंधरा दिवसांवर अवलंबून, ते घर मग जंगलातून दुसरं काही काढायला बघतं. त्यात मुद्दाम जंगल मोडायची इच्छा कोणाचीच नसते.

यावर उपाय आहेत आणि गावांनी ते करून पाहिलेत. पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करायचा. झाडाखाली जुन्या साड्या किंवा शेडनेटसारखी जाळी बांधायची. फूल स्वच्छ मिळतं, मातीचं नसल्यानं भावही बरा येतो. पहाटे अंधारात एकट्या बाईला झाडाखाली वाकून बसावं लागत नाही, हा मोठा फायदा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीकडे मोह वेचताना वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. जाळीला अडचणीही आहेत: वाऱ्यानं फाटते, गुरं पाय घालतात, दूरच्या झाडाखालून चोरीला जाते. म्हणून सगळ्या गावाला एकदम वाटू नका. ज्या बाया मागतील त्यांना द्या, एक हंगाम बघू द्या.

जुन्या चालीरीतींत यातलं बरंच बसलेलं आहे. माडिया-गोंड गावांत पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवं फळ तोंडात घालायचं नाही. मरका पंडुम होईपर्यंत आंबा तोडत नाहीत, त्यामुळे फळ पक्व होतं, बी खाली पडते. पण बाजार पंडुमची वाट बघत नाही. चारोळी पिकण्याआधीच ओरबाडली जाते, कारण शेजारच्यानं आधी तोडली तर आपल्याला काय उरणार? इथं ग्रामसभेचा ठराव लागतो: अमुक तारखेआधी तोड नाही, मोडलं तर दंड. आणि शेजारच्या गावानंही तोच ठराव केला तरच तो टिकतो. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली, तिचं मोल इथं कळतं. एकट्या गावाला व्यापारी मोडून काढतो, नव्वद गावांना जड जातं.

आता पैशाचं गणित. बारकाईनं बघा.

तेंदूपानाचा हंगाम एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. समजा गावात १५० बॅगा माल निघतो आणि शंभर पुड्यांना ४०० रुपये मजुरी ठरली. म्हणजे तीन आठवड्यांत ६ लाख रुपये नुसते मजुरीचे, तेही रोख हवेत, कारण फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या जागी, पुडा टाकला की बाई पैसे मागणार. एवढी रोकड ग्रामसभेकडे नसते. म्हणून ती लिलावात ठेकेदाराला माल देते. ठेकेदार आगाऊ रक्कम भरतो, माल उचलतो आणि बाकीच्या हप्त्यांसाठी गावाला खेटे घालायला लावतो. एखाद्या वर्षी भाव चढतात, पुढच्या वर्षी ठेकेदार आपसांत ठरवून लिलावाला येतच नाहीत. मग पाऊस तोंडावर आलेला असताना पडेल त्या भावात द्यावं लागतं.

तुमचे १२ लाख या खेळात दोन गावांच्या मजुरीलाही जेमतेम पुरतील. म्हणून तेंदूत भांडवल घालू नका. तेंदूच्या बाबतीत गावाला दुसरी मदत लागते आणि ती स्वस्त आहे: लिलावाची जाहिरात वेळेवर वर्तमानपत्रात देणं, ठेकेदाराशी होणारा करारनामा वकिलाकडून वाचून घेणं, बँक गॅरंटी मागणं, पॅन, टॅन, टीसीएस, जीएसटी ही करांची सगळी कामं सांभाळणं. ग्रामसभा विक्रेती असल्यानं टीसीएस, म्हणजे विकतानाच खरेदीदाराकडून घ्यायचा आयकर, तिनं वसूल करून भरायचा असतो, हे कित्येक गावांना नोटीस आल्यावर कळलं. ज्या गावानं वनखात्याशी वीस वर्षं झगडून जंगल मिळवलं, त्या गावाचं खातं आयकराच्या एका न भरलेल्या विवरणपत्रापायी अडकतं.

भांडवल घालायचंच तर मोह, चारोळी, हिरडा, बेहडा यांत घाला. मोहफुलाचा भाव वेचणीच्या दिवसांत सगळ्यात पडलेला असतो आणि पावसाळ्यात चढतो. आठवडी बाजारात व्यापारी एप्रिलमध्ये घेतो आणि तोच माल ऑगस्टमध्ये त्याच गावाला विकतो. ग्रामसभेनं किंवा गावातल्या बचतगटानं ४० रुपये किलोनं शंभर क्विंटल घेऊन ठेवायचं म्हटलं तर ४ लाख लागतात. नीट वाळवलेलं फूल कोरड्या खोलीत चार महिने टिकतं. ओलं भरलं तर आठवड्यात बुरशी. विकून आलेला पैसा पुढच्या हंगामात पुन्हा वापरता येतो. या फिरत्या पैशानं जंगलाचं काय भलं होतं? व्यापाऱ्याची उचल घेतलेली नसेल तर कच्ची चारोळी तोडायची घाई राहत नाही. ठराव मोडण्याचं कारणच कमी होतं.

काही गावं तर मिळकतीवर पाणी सोडतात. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला. बांबूची नीट तोड आणि विक्री सुरू झाल्यावर गावानं तेंदू तोडणं बंद केलं. त्यासाठी होणारी छाटणी आणि आग जंगलाला मारक, आणि पान शेवटी बिडीत जाऊन माणसाला मारक, असा त्यांचा हिशेब. बांबूचा आधार होता म्हणून हे जमलं हेही खरं. दुसऱ्या गावाला उपदेश करायला पाचगावचं उदाहरण वापरू नका.

कार्बन क्रेडिटबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सध्या गडचिरोलीत लॅपटॉप घेऊन फिरणारे बरेच दिसतात. या बाजारात पैसे मिळतात ते ‘प्रकल्प नसता तर काय झालं असतं’ आणि ‘प्रकल्पामुळे काय झालं’ यातल्या फरकाचे. म्हणजे ज्या गावानं चाळीस वर्षं जंगल राखलं, त्याच्या खात्यात फरक थोडा. ज्यानं तोडलं आणि आता लावतोय, त्याचा जास्त. शिवाय करार वीस-तीस वर्षांचे. तोपर्यंत सही करणारी समिती पाच वेळा बदललेली असते. वनहक्क कायद्यात कार्बनचा शब्दही नाही, त्यामुळे तो कोणाच्या मालकीचा यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात. करारात सरपण, चराई, बांबूतोड यांवर बंधनं असतील तर ती बायांच्या रोजच्या जगण्यावर येतात, आणि करार वाचणारे बहुधा पुरुष. एखाद्या ग्रामसभेनं सगळं समजून, गोंडीत वाचून घेऊन, सर्वसहमतीनं हो म्हटलं तर माझी हरकत नाही. पण तुम्ही नागपूरहून हा प्रस्ताव घेऊन जाऊ नका. तुमच्या पैशांनी किती टन कार्बन वाचला, हा आकडा तुम्हाला मिळणार नाही, आणि तो कोणी छातीठोकपणे सांगितला तर त्याच्यापासून चार हात दूर राहा.

जगाच्या पातळीवरही पैसा मधल्यामध्येच अडतो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत काही देशांनी आणि देणगीदारांनी आदिवासी व स्थानिक समुदायांच्या जमीन-जंगल हक्कांसाठी १७० कोटी डॉलर जाहीर केले. पहिल्या वर्षी दिलेल्या पैशातला सुमारे ७ टक्केच थेट त्या समुदायांच्या संघटनांपर्यंत पोचला, हे त्याच देणगीदारांच्या अहवालात आहे. आपल्याकडेही कंपन्यांचा समाजकार्यासाठीचा (सीएसआर) निधी थेट ग्रामसभेच्या खात्यात टाकणं नियमांत सहज बसत नाही, मध्ये नोंदणीकृत संस्था लागतेच. तुमचा पैसा स्वतःच्या खिशातला आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू. थेट द्या, ठराव घेऊन द्या.

सगळ्या ग्रामसभा गुणी असतात अशा समजुतीत येऊ नका. बांबूचा पैसा आला आणि सचिवानं मोटारसायकल घेतली, असं झालेलं आहे. शेतजमिनीचा वैयक्तिक पट्टा मिळेल या आशेनं सामूहिक जंगलातच झाडं तोडून शेत काढणारेही असतात. बैठक रात्री ठेवतात आणि बाया स्वयंपाकात अडकतात. म्हणून पहिल्या भेटीत तीन वह्या बघायला मागा: ठरावबही, रोकडवही आणि गस्तीच्या पाळ्यांची नोंद. दडवली तर समजून घ्या. पण साहेबासारखं तपासू नका, त्या वह्या गावाच्या आहेत. आणि गाव ‘तुमचे पैसे नको’ म्हणू शकतं. मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट बसवून महिनोनमहिने चर्चा केल्याशिवाय निर्णय होत नसे, आणि एकाचाही विरोध असेल तर तो समजावून घेतला जाई. त्या सवयीनंच ते गाव उभं राहिलं. तुमच्या आर्थिक वर्षाची अशा गावाला पर्वा असणार नाही.

खाणींचा विषय तुमच्या पत्रात नाही, पण तो टाळता येणार नाही. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज निघतंय. माडियांसाठी तो ठाकूरदेवाचा डोंगर. कोरचीत झेंडेपारच्या खाणीला ग्रामसभांनी विरोध केलेला आहे. ओडिशात नियमगिरी डोंगरातल्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. आमच्याकडे तसं झालेलं नाही. ज्या गावाच्या हद्दीत खाणपट्टा येतो तिथं जाळ्या आणि मोहफूल दुय्यम ठरतात, तिथं नकाशा, ठरावांच्या प्रती आणि चांगला वकील लागतो. तुमच्यापैकी कोणाच्या नोकरीला यानं अडचण येणार असेल तर आधीच आपसांत बोलून घ्या. गावाला अर्ध्यावर सोडण्यापेक्षा ते बरं.

तर १२ लाख. मी असतो तर शेजारशेजारच्या पाच-सहा ग्रामसभा धरल्या असत्या आणि त्यांनी मिळून निवडलेल्या, बारावी-पदवी झालेल्या त्यांच्यातल्याच एका पोरीला किंवा पोराला हिशेबनीस म्हणून तीन वर्षं महिना १० हजार मानधन दिलं असतं. त्याचे ३ लाख ६० हजार. मोहाच्या फिरत्या भांडवलाला ४ लाख. फेब्रुवारीच्या मध्यापासून जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढणं, आगीवर नजर ठेवणाऱ्यांची मजुरी, पाला उडवणारे दोन ब्लोअर यांना दर वर्षी ६० हजार, म्हणजे १ लाख ८० हजार. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून टिपलेल्या आगीची सूचना नोंदणी केलेल्या मोबाइलवर पाठवतं, ती सोय फुकट आहे. गावातल्या चार जणांची नोंदणी त्या हिशेबनिसानं करून द्यावी. लिलावाच्या जाहिराती, सीए आणि वकील यांना १ लाख. जाळ्या आणि हद्दीचा नकाशा यांना आणखी १ लाख. उरतात ६० हजार. ते बिननावाचे ठेवा, ग्रामसभा सांगेल तिथं खर्च होऊ द्या. कदाचित पहिल्याच वर्षी एखाद्या वणव्यात भाजलेल्या माणसाला दवाखान्यात नेण्यात जातील.

एप्रिल-मेत येऊ नका, गाव जंगलात आणि फळीवर असतं. पावसाळ्यात धानाची रोवणी. दिवाळीनंतर धान घरात आलं की माणसं बसून बोलतात, आणि जानेवारीच्या सुमारास लिलावाच्या बैठका सुरू होतात. अशा एखाद्या बैठकीला या, मागं बसा. चर्चा गोंडीत चालेल, कोरचीकडे छत्तीसगढीही कानावर पडेल. कळलं नाही तर शेजारच्याला विचारा, तो मराठीत सांगेल. जेवणाचे पैसे घरमालकीण घेणार नाही, तेवढे गावकोषात भरा आणि पावती मागून घ्या.